कापड कोरडं, शिवण ओली

जुलैत बाइक घेऊन आंबोलीच्या घाटात शिरलात तर पहिलं पाणी अंगाला कुठं लागतं? खांद्याला नाही, पाठीलाही नाही. पेट्रोलच्या टाकीमागे मांड्यांच्या मधोमध एक छोटं तळं साचतं. पॅन्टच्या चार शिवणी जिथं एकत्र येतात तिथून ते तासाभरात आत उतरतं. दुसरी वाट हातमोज्याची. हात हँडलकडे उतरते असतात, त्यामुळे बाहीवरचं पाणी ओघळून मोज्यात जमतं. बोटं गारठली की क्लच दाबायला जोर पुरत नाही आणि ब्रेक किती लागला ते कळत नाही. वीस अंश तापमान म्हणजे घरी बसलेल्याला आल्हाददायक हवा. ओल्या अंगानं साठच्या वेगात जाणाऱ्याचे मात्र दात वाजतात. चांगल्या पावसाळी सुटाची खरी किंमत इथं कळते.

दोनशे वर्षं शहाण्यांनी डोकं चालवलं ते मुख्यतः कापडावर. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली पेटंट घेतलं. गॅसच्या कारखान्यातल्या डांबरातून निघणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवायचं आणि ते दोन कापडांच्या मध्ये फासायचं, अशी त्याची युक्ती. कापड पाणी अडवायचं, पण शिंप्यानं सुई घातली की प्रत्येक टाक्याला एक भोक. वर थंडीत कोट ताठ, उन्हात चिकट आणि वास तर विचारूच नका. १८४०च्या दशकात अमेरिकेत गुडइयर आणि इंग्लंडात हॅनकॉक यांनी गंधक घालून रबर पक्कं करायची रीत बसवली. चिकटपणा गेला, पण बाहेरचं पाणी थांबलं की आतला घामही अडकतो हे दुखणं राहिलं.

ते दुखणं आपल्या इरल्याला नव्हतं. बांबूच्या कामट्या, त्यात दाबून बसवलेली पानं, आणि खाली वाकून भातलावणी करणारी बाई. पाठ झाकलेली, पोटाकडून वारा मोकळा. घोंगडीही तशीच, लोकरीतल्या तेलकटपणावर पाऊस निथळून जातो, फक्त भिजली की वजन खांद्यांना कळतं. पण दोन्ही पायी चालणाऱ्याची साधनं. इरलं घालून बाइकवर बसाल तर ते दुसऱ्या गिअरलाच उडून जाईल.

रबरी रेनकोट देशी झाला कलकत्त्यात. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बेंगॉल वॉटरप्रूफ काढली आणि तिचं ‘डकबॅक’ हे नाव मराठी घरांतही रेनकोटाला चिकटून बसलं. आमच्याकडच्या त्या जाड कोटाच्या घड्यांत चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर भुरभुरवून तो मे महिन्यापर्यंत ट्रंकेत ठेवायचे. शाळेत चालत जायला उत्तम. स्कूटरवर मात्र खालचा घेर गुडघ्यांवरून उडायचा आणि पॅन्ट भिजायची ती भिजायचीच.

खास मोटारसायकलीसाठी विचार झाला तो ब्रिटनमध्ये. तिथल्या खलाशांना तेल पाजलेलं शिडाचं कापड ओळखीचं होतं. त्यातून मेण दिलेलं सुती कापड आलं. बार्बर कंपनीनं १९३६ साली सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल ट्रायलसाठी त्याचा सूट शिवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांना रबरी कोट दिला. त्याचा घेर दुभागून दोन्ही पायांभोवती बटणांनी आवळता येई. स्वार उभा नसतो, पाय फाकवून बसलेला असतो, एवढी साधी गोष्ट त्या कोटानं ओळखली. मला तर तो सगळ्या मेणकापडांपेक्षा जास्त अकलेचा वाटतो. मेणाचं जॅकेट दरवर्षी पुन्हा मेण लावून घेतं. आणि मुंबईच्या उकाड्यात ते अंगावर घालून दाखवावंच कुणीतरी.

मग १९६९. अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणत होता. हळू ताणल्या की तुटायच्या. वैतागून एक झटक्यात ओढली आणि ती कित्येक पट लांबली. त्या ताणातून अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. १९७६ पासून असा पातळ पापुद्रा लावलेलं ‘गोर-टेक्स’ कापड बाजारात आलं. पहिल्या पिढीच्या पापुद्र्यात अंगाचं तेल आणि घाम मुरून ते गळायला लागलं, म्हणून आतून आणखी एक थर द्यावा लागला. शिवणीवर आतून गरम करून पट्टी चिकटवायची पद्धतही रुळली. मॅकिंटॉशच्या शिंप्याचं भोक अखेर बुजवलं ते या पट्टीनं. १९८३ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथच्या अँडी गोल्डफाइननं आपल्या एअरोस्टिच कंपनीचा ‘रोडक्राफ्टर’ हा सूट काढला. ऑफिसच्या कपड्यांवरून चढवायचा एकसंध सूट, वर घासटीला टिकणारं नायलॉन. टूरिंगवाल्यांना तो हवाच होता.

पण वाफ बाहेर जाते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर. कोकणात जुलैमध्ये हवाच पाण्यानं भरलेली, वाफेनं जायचं कुठं? त्यात वरचं कापड चिंब झालं की छिद्रांचं तोंडच बंद. स्कॉटलंडात पैसे वसूल करणारा पापुद्रा वैभववाडीत निम्मं काम करतो. म्हणून इकडचे बरेच जण जाळीचं, पडल्यावर मार अडवणाऱ्या गाद्यांचं आर्मर जॅकेट घालतात आणि पाऊस आला की वरून साधा, पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) लेप दिलेला सूट चढवतात. घाम येतो, पण घाट चढून चहाच्या टपरीवर तो सूट खांबाला लटकवला की खालचं जॅकेट वाऱ्यावर सुकतं.

असा सूट घेताना मी तो उलटा करून बघतो. लेबलवरचा ‘५००० मिमी’ हा आकडा म्हणजे पाच मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलणारं कापड. पण तो कापडाचा आकडा, शिवणीचा नव्हे. पट्टी मनगटापर्यंत पोचली आहे का, आणि चार शिवणींच्या त्या चौकात वरून वेगळं ठिगळ आहे का, एवढं बोटानं चाचपायचं.

मागच्या जूनमध्ये दुकानदार वैतागून म्हणाला, “साहेब, सगळे घालून बघतात, तुम्ही उलटा काय बघताय?” ठिगळ नव्हतं. सूट परत हँगरला लावला.