‘काळ बदलला’ म्हणण्याआधी : ब्रिटिश टीव्हीवरच्या जुन्या विनोदाची पार्श्वभूमी

जून २०२०. अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मृत्यूनंतर जगभर निदर्शनं सुरू होती आणि त्याच दिवसांत ब्रिटनमधल्या काही गाजलेल्या विनोदी मालिका एकेक करून उतरवल्या जात होत्या. गोरे नट चेहरा रंगवून काही पात्रं करत ती ‘लिटल ब्रिटन’ बीबीसी आयप्लेअर, नेटफ्लिक्स आणि ब्रिटबॉक्स अशा तिन्ही ऑनलाइन सेवांवरून गेली. मालिका पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून आता काळ बदलला आहे, एवढंच कारण बीबीसीने दिलं. ‘फॉल्टी टॉवर्स’चा १९७५ चा एक भाग त्यातल्या वर्णद्वेषी शब्दांमुळे यूकेटीव्ही या वाहिनीसमूहाने काढला, मालिकेचे लेखक-नट जॉन क्लीझ जाहीरपणे भडकले आणि तो भाग सूचनेची पाटी लावून परत आला.

तेव्हापासून हा वाद निघाला की दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात : त्या काळी सगळे हसत होते आणि कुणाला काही खटकत नव्हतं. जुन्याचे चाहते म्हणतात, लोक आता फार हळवे झालेत. टीकाकार म्हणतात, तेव्हा समज नव्हती, आता आली. मला दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. ज्यांच्यावर हसलं जात होतं त्यांना ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं, आणि त्यांनी ते लेखी कळवलंही होतं.

सगळ्यात ठळक उदाहरण ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’चं. १९५८ च्या जूनमध्ये तो बीबीसीवर सुरू झाला. गोरे गायक चेहरा काळा रंगवून, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती पांढरी कड ठेवून, अमेरिकेच्या दक्षिणेकडची गाणी म्हणत. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेल्या रहिवाशांवर गोऱ्या टोळक्यांनी हल्ले केले. शोची लोकप्रियता मात्र वाढतच गेली. १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो टीव्ही महोत्सवात त्याला ‘गोल्डन रोझ’ मिळालं आणि ऐन भरात त्याचे प्रेक्षक दीड कोटींच्या वर होते.

बीबीसीच्या आत मात्र एक माणूस अस्वस्थ होता. बॅरी थॉर्न हे संस्थेचे मुख्य हिशेबनीस. अमेरिकेत काम करून आल्यामुळे काळ्या रंगातल्या या सोंगाचा तिथला इतिहास त्यांना ठाऊक होता. हा कार्यक्रम लाजिरवाणा आहे, असं त्यांनी १९६२ पासून वरिष्ठांना पुन्हा पुन्हा लिहिलं. १९६७ मध्ये वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या ‘कार्ड’ या संघटनेने बीबीसीकडे निवेदन दिलं. त्याच सुमारास महासंचालकांचे निकटचे सहायक ऑलिव्हर व्हिटली यांनी लिहिलेल्या टिपणाचा मथितार्थ असा : काळ्या लोकांच्या हितचिंतकांनी त्यांना सांगावं की तुमचं म्हणणं समजतं, पण तुमच्याच भल्यासाठी गप्प बसा, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर दारूगोळा वाया घालवू नका. यानंतर कार्यक्रम आणखी अकरा वर्षं चालला. तक्रार पोहोचली होती, ती समजलीही होती, आणि समजून-उमजून बाजूला ठेवली गेली. पुढे मोठा नट झालेला काळा विनोदवीर लेनी हेन्री उमेदवारीच्या काळात याच मिन्स्ट्रेल मंडळींबरोबर रंगमंचावर कामं करायचा. त्या दिवसांबद्दलची खंत त्याने नंतर अनेकदा बोलून दाखवली आहे.

याच काळात एक वेगळ्या जातीचा विनोद आला. १९६६ पासून मालिकेच्या रूपात चाललेल्या लेखक जॉनी स्पेट यांच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’मध्ये पूर्व लंडनच्या वॉपिंग भागातला अल्फ गार्नेट स्थलांतरितांना, ज्यूंना, समाजवाद्यांना आणि स्वतःच्या बायकोलाही शिव्या घालतो. स्पेट डाव्या विचारांचे होते. अल्फ झालेले वॉरन मिशेल स्वतः ज्यू होते. अल्फचं हसं व्हावं, हाच दोघांचा हेतू. पण रस्त्यात भेटलेली माणसं मिशेल यांची पाठ थोपटत आणि परक्यांना बरं सुनावता म्हणत. आम्ही तुमच्यासारख्या मूर्खांनाच सुनावतोय, असं उत्तर आपण देत असू, असं मिशेल सांगत. या मालिकेचा अमेरिकन अवतार ‘ऑल इन द फॅमिली’ १९७१ मध्ये आला. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्याच्या प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीतही हेच दिसलं. मनात आधीच पूर्वग्रह असलेले प्रेक्षक त्या तोंडाळ नायकाची बाजू घेऊन हसत होते. म्हणजे ‘उपहास कळत नाही’ हा प्रश्न आजच्या पिढीपुरता नाही, तो मूळ प्रक्षेपणाच्या वेळीही होता.

स्पेट यांचा पुढचा प्रयोग होता १९६९ चा ‘करी अँड चिप्स’. त्यात विनोदी नट स्पाइक मिलिगन चेहरा तपकिरी रंगवून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार झाले होते. मिलिगन यांचा जन्म १९१८ मध्ये आपल्या अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा). वडील ब्रिटिश फौजेत होते आणि मुलाचं बालपण पुण्याच्या लष्कर भागात गेलं. लहानपणी कानावर पडलेल्या बोलीच्या नकला त्यांना हुबेहूब जमत. मालिका सहा भागांनंतर नियामक संस्थेच्या सांगण्यावरून बंद पडली. १९७५ मध्ये त्यांनी ‘द मेल्टिंग पॉट’ या मालिकेत पुन्हा तसाच रंग लावला. बीबीसीने सहा भाग चित्रित केले, एक दाखवला आणि उरलेले कपाटात ठेवून दिले. ‘तेव्हा चालत होतं’ म्हणणाऱ्यांनी या दोन मालिकांचं काय झालं ते जरूर पाहावं.

१९७२ ते १९७६ या काळात आयटीव्ही या खासगी वाहिनीवर ‘लव्ह दाय नेबर’ चालली. एक गोरा आणि एक काळा कामगार शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकांना वंशावरून शिव्या देतात, एवढंच कथानक. काळ्या शेजाऱ्याचं काम करणारे त्रिनिदादचे रुडॉल्फ वॉकर आजही म्हणतात की आपलं पात्र मान खाली घालणारं नव्हतं, ते उत्तर द्यायचं. हे खरंच आहे. काळा नट मुख्य भूमिकेत आणि गोऱ्याच्या बरोबरीने, हे तेव्हा दुर्मीळ होतं. तरी त्या मालिकेतले शब्द दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर गेले की तिथल्या एकट्या काळ्या मुलाच्या हाती उत्तराची संहिता नसे.

आता देवळाली. नाशिकजवळचं हे गाव आपण तोफखान्याची शाळा, आरोग्यधामं आणि थंड हवा यांसाठी ओळखतो. १९७४ ते १९८१ या काळात ब्रिटनमधल्या घराघरांत ते एका विनोदी मालिकेचं ठिकाण म्हणून पोहोचलं होतं. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेचे ५६ भाग झाले. काळ १९४५ चा. सैनिकांची करमणूक करणारं तोफखान्याचं एक नाटकमंडळ देवळालीच्या छावणीत आहे आणि आघाडीवर जायची वेळ येऊ नये म्हणून धडपडतं आहे. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी तरुणपणी खरोखरच देवळालीच्या अशा मंडळात होते आणि क्रॉफ्ट पुण्यात सैन्याच्या करमणूक विभागाचे अधिकारी. त्यामुळे तपशील आतल्या माणसाचे आहेत : नाटकात बाईचा वेष घेणारा बंबार्डियर (तोफखान्यातला एक कनिष्ठ हुद्दा), त्या सगळ्यांना ‘मर्द’ करू पाहणारा आणि समलिंगींसाठीच्या शिव्या बरसवणारा सार्जंट मेजर, दाराशी बसून दोरीने पंखा ओढणारा नोकर. चित्रीकरण मात्र इंग्लंडमधलंच. देवळालीने तिथला कॅमेरा पाहिला नाही.

वादाच्या केंद्रस्थानी आहे तो रंगी राम, साहेब लोकांचा ‘बेअरर’ म्हणजे खासगी नोकर. तो बोलताना सतत ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो आणि बाकीच्या हिंदी नोकरांवर डाफरतो. हे काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा गडद करून केलं. बेट्स यांचा जन्म झाशीचा. इंग्रजीच्या आधी ते हिंदुस्तानी बोलायला शिकले आणि युद्धात गुरखा पलटणीत अधिकारी होते. पंखेवाला आणि चहावाला झाले होते आशियाई नट : बाबर भट्टी आणि ढाक्यात जन्मलेले दिनो शफीक. म्हणजे खऱ्या आशियाई चेहऱ्यांना दुय्यम कामं, आणि ज्या हिंदी माणसाच्या तोंडी सर्वाधिक संवाद, त्याचा चेहरा रंगवलेला. त्या वयाचा, त्या अनुभवाचा हिंदी नट तेव्हा मिळत नव्हता, असा बचाव केला गेला. मला तो पटत नाही. झिया मोहिउद्दीन यांनी १९६० मध्येच लंडनच्या रंगभूमीवर ‘अ पॅसेज टू इंडिया’त डॉ. अझीझ गाजवला होता. सईद जाफरीही तिथेच होते आणि १९७५ च्या ‘द मॅन हू वुड बी किंग’मध्ये शॉन कॉनरी आणि मायकेल केन यांच्यासमोर उभे होते. नट होते, पण त्यांना विचारावं ही गरज वाटली नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. बेट्स यांचं काम कुचेष्टेचं नाही. भाषेचा लहेजा नेमका आहे, आणि साम्राज्य संपत आलेलं असताना ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणणारा हा माणूस पाहून हसू येतं तसं वाईटही वाटतं. पण ते बारकावे टिपायला साम्राज्य आतून माहीत असावं लागतं. १९७४ मधल्या, आशियाई वस्ती मोठी असलेल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या एखाद्या गोऱ्या पोराला दिसलं ते एवढंच : डोक्याला फेटा, विचित्र इंग्रजी आणि हुकमाची ताबेदारी.

हा फरक त्याच वेळी स्पष्टपणे मांडला गेला होता. १ मार्च १९७९ रोजी बीबीसीच्याच ‘ओपन डोअर’ या सामान्य नागरिकांच्या गटांना दिलेल्या वेळेत ‘इट एन्ट हाफ रेसिस्ट, मम’ हा कार्यक्रम झाला. जमैकात जन्मलेले अभ्यासक स्टुअर्ट हॉल आणि नटी मॅगी स्टीड यांनी बातम्या, चर्चा आणि विनोदी मालिकांचे तुकडे दाखवून त्यांच्यातलं वर्णद्वेषाचं साचेबद्ध चित्रण उलगडून दाखवलं. आज समाजमाध्यमांवर जे युक्तिवाद ‘नवे’ म्हणून मांडले जातात, त्यातले बहुतेक त्या अर्ध्या तासात सापडतील. मूळ मालिका त्यानंतरही दोन वर्षं चालली.

‘माइंड युवर लँग्वेज’ची कथा आपल्याला जवळची. १९७७ च्या डिसेंबरअखेरीस ती सुरू झाली : लंडनमधल्या रात्रीच्या शाळेत इंग्रजी शिकायला आलेले परदेशी, त्यात शीख रणजीत सिंग, पाकिस्तानी अली नदीम आणि विणकाम करत बसलेली जमिला. लंडन वीकेंड टेलिव्हिजनच्या मायकेल ग्रेड यांनी ती १९७९ मध्ये थांबवली. देशोदेशीच्या माणसांचं साचेबद्ध चित्रण त्यांना खटकत होतं. भारतात मात्र ती मनापासून आवडली आणि १९९३ मध्ये पंकज कपूर यांना घेऊन ‘ज़बान संभाल के’ या नावाने तिचा हिंदी अवतार निघाला. मग ग्रेड उगाच हळवे झाले होते का? मला तसं वाटत नाही. नागपुरात किंवा ठाण्यात बसून ती मालिका पाहणारा माणूस बहुसंख्यांपैकी होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी त्याला ‘अ थाउजंड अपॉलजीज’ हे रणजीतचं पालुपद म्हणून हिणवणार नव्हतं. पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये १९७६ च्या जूनमध्ये गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा भर रस्त्यात खून झाला होता आणि नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे मोर्चे निघत होते. तिथल्या शीख मुलासाठी रणजीत सिंगची नक्कल ही रोजची कटकट होती.

समलिंगी पात्रांबाबतही असंच घडलं. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’मधल्या जॉन इनमन यांच्या मिस्टर हम्फ्रीजविरुद्ध समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच निदर्शनं केली होती.

आता ‘फॉल्टी टॉवर्स’. ‘द जर्मन्स’ या भागात हॉटेलात राहणारा म्हातारा मेजर ओव्हलवर भारताचा सामना पाहायला एका बाईला घेऊन गेल्याची आठवण सांगतो, आणि भारतीय व वेस्ट इंडियन खेळाडूंसाठी दोन वेगवेगळे वर्णद्वेषी अपशब्द वापरतो. कोणता शब्द कुणासाठी, हे त्याने म्हणे त्या बाईला समजावून सांगितलं. हा भाग ऑक्टोबर १९७५ मध्ये दाखवला गेला. चारच वर्षांपूर्वी त्याच ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवून तिथली पहिली कसोटी मालिका जिंकली होती, हे आपल्या वाचकाला आठवेलच. मेजर हा जुन्या जमान्याचा अवशेष आहे आणि आम्ही त्याच्या मतांची टर उडवत होतो, हे क्लीझ यांचं म्हणणं मला या प्रसंगापुरतं पटतं. लिखाणात ती जाण दिसते. तरी २०१३ च्या पुनःप्रक्षेपणात बीबीसीने ते संवाद कापले, आणि २०२४ मध्ये लंडनमध्ये आलेल्या नाट्यरूपातून खुद्द क्लीझ यांनीही ते अपशब्द वगळले.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. १९७९ मध्ये लंडनच्या सोहोमध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ हे विनोदवीरांचं व्यासपीठ सुरू झालं आणि तिथून वर आलेल्या नव्या विनोदवीरांनी वंश आणि बायका यांच्यावरचे विनोद जाणीवपूर्वक टाळले. आणि १९९८ मध्ये रेडिओवरून टीव्हीवर आलं ‘गुडनेस ग्रेशस मी’. त्यात ब्रिटिश आशियाई कलाकार होते : मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. त्यांच्या एका प्रहसनात दंगा करणारं भारतीय टोळकं ‘इंग्लिश खायला’ जातं. वेटरच्या नावाचा चुथडा होतो, यादीतला सगळ्यात सपक पदार्थ मागवला जातो आणि चिप्सच्या २४ प्लेटची ऑर्डर जाते. शुक्रवारी रात्री झिंगून ‘करी हाउस’मध्ये, म्हणजे भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहात, शिरणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकांना आपला चेहरा त्यात लगेच ओळखू आला. वंशावरून विनोद करूच नये असं कुणी म्हणत नव्हतं. लेखणी आता दुसऱ्या बाजूच्या हातात आली होती, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने २०२१ मध्ये प्रेक्षकांचा कल तपासला, तेव्हा साध्या शिवीगाळीबद्दल लोक सैल झालेले आढळले, भेदभावाच्या भाषेबद्दल मात्र अधिक कडक.

‘लिटल ब्रिटन’ मार्च २०२२ मध्ये काटछाट करून आयप्लेअरवर परतली. मला काटछाटीपेक्षा मूळ भाग आणि सोबत खरी माहिती हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. ‘त्या काळच्या वृत्ती’ अशी गुळमुळीत पाटी पुरेशी नाही. थॉर्नची पत्रं, ‘कार्ड’चं निवेदन, हॉल यांचा तो कार्यक्रम हे सगळं मालिकेच्या शेजारीच पाहायला मिळायला हवं. देवळालीची मालिका हीच आपली सर्वांत विनोदी कृती, असं २०१६ मध्ये वारलेले जिमी पेरी म्हणत आले, आणि आता तिचं नावही काढायची सोय उरली नाही याची त्यांना खंत होती. तिच्या डीव्हीडी मिळतात, पण बीबीसीने तिचं पुनःप्रक्षेपण केव्हाच थांबवलं. पेरी आणि क्रॉफ्ट या जोडीचीच ‘डॅड्स आर्मी’ मात्र बीबीसी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखवते आहे. तिच्यातली माणसं इंग्लंडच्या एका गावातली आहेत, आणि तिथे गोरे गोऱ्यांनाच हसतात.