साहेबांच्या हातात काय असतं, काय नसतं?
(आमच्या पक्षकारांसाठी)

“वकीलसाहेब, जज्जसाहेबांना एकदा चेंबरमध्ये भेटून खरं काय ते सांगू का?” नव्या पक्षकाराचा हा ठरलेला प्रश्न. आमचं उत्तरही ठरलेलं: अजिबात नको. समोरच्याच्या माघारी सांगितलेलं काहीही न्यायाधीशांना निकालात घेता येत नाही. त्यांच्यापुढे असतं ते कागद, साक्षीपुरावा आणि उघड कोर्टातला युक्तिवाद. शेजाऱ्याने बांध कोरला हे गावाला माहीत असेल, पण मोजणीचा नकाशा लावला नसेल तर ते कोर्टाला माहीत नसतं.

तालुक्याला बहुतेक ठिकाणी एकाच न्यायाधीशांची दोन पदं असतात. ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ म्हणून ते वाटप, हद्द, उसनवारीचे दावे ऐकतात. ‘न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ म्हणून मारामारी, चेक बाउन्सचे खटले. दंडाधिकारी म्हणून त्यांना एरवी ३ वर्षांपर्यंत कैद देता येते. चेकच्या खटल्यात २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. सत्र न्यायालय कोणतीही शिक्षा देऊ शकतं. फाशी मात्र उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही.

तुमच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा अधिकार म्हणजे मनाई हुकूम, म्हणजे समोरच्याला एखादी गोष्ट करण्यापासून रोखणारा कोर्टाचा आदेश. दाव्यासोबत आपण जो तूर्तातूर्त (निकाल लागेपर्यंतच्या) मनाईचा अर्ज देतो, त्याला कोर्टात सगळे ‘निशाणी ५’ म्हणतात. त्यावर तीन गोष्टी पाहतात: प्रथमदर्शनी तुमची बाजू दिसते का, मनाई न दिल्यास जास्त गैरसोय कोणाची, आणि होणारं नुकसान पैशाने भरून निघेल का. समोरच्याला नोटीस न देता मनाई द्यायची तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. म्हणूनच जेसीबी दारात येईपर्यंत थांबू नका. फोटो, सातबारा, जुनी खरेदीखतं आधीच आणून द्या. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होते.

न मागितलेलं कोर्ट सहसा देत नाही. ताबा हवा असेल तर दाव्यात ताबाच मागावा लागतो. नुसती मनाई मागून भागत नाही. सातबारावरचा फेरफार महसुलाचं काम, त्याचं अपील प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे). शेतरस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. (ही मुदत चुकवून येणारे फार असतात.)

कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. त्यापुढचं उच्च न्यायालय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) बसतं. अपिलासाठी निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज केल्यापासूनचे. तेव्हा निकालाच्या तारखेला स्वतः हजर राहा. नकलेचा अर्ज आपण त्याच दिवशी देतो.