गुलाम अली खान

गुलाम अली खान : (कार्यकाल सु. १८१७–५२). दिल्लीचा मोगल दरबारी चित्रकार. दुसरा अकबर (कार. १८०६–३७) आणि बहादूरशाह जफर या अखेरच्या दोन बादशहांच्या काळात त्याने काम केले. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे त्याचे चित्र १८१७ मधील असून त्यात युरोपीय पद्धतीचे यथादर्शन (सपाट चित्रात खोली व अंतर दाखवण्याची रीत) आढळते. नव्याने तख्तावर बसलेल्या जफरचे चित्र (सु. १८३७-३८) मात्र जुन्या मोगल दरबारी चित्रांच्या वळणाचे आहे. त्यामुळे त्याची सरसकट ‘कंपनी शैली’त (ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज आश्रयदात्यांसाठी भारतीय चित्रकारांनी रूढ केलेल्या मिश्र शैलीत) गणना करणे अपुरे वाटते.

अभ्यासकांत सर्वांत मोठा वाद आहे तो फ्रेझर चित्रसंग्रहातील चित्रे कोणी काढली याचा. कंपनीचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर याच्यासाठी साधारणपणे १८१५ ते १८१९ या काळात रंगवलेली नव्वदहून अधिक चित्रे १९७९ मध्ये फ्रेझर घराण्याच्या कागदपत्रांत सापडली आणि पुढे लिलावांत विखुरली. घोड्यांचे व्यापारी, नर्तकी, हरियाणातील गावकरी, पलटणीत भरती झालेले जवान असे विषय त्यांत आहेत. जवानांच्या समूहचित्रांत पार्श्वभूमी बहुधा कोरी असते; पायांशी आखूड सावली आणि शालीची प्रत्येक चुणी वेगळी. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही, आणि कित्येकांची नावेही नोंदलेली आहेत. सामान्य माणसाकडे इतक्या आदराने पाहणारी चित्रे त्या काळात विरळाच. पाटण्याकडील लालजी या चित्रकाराचे नाव यासंदर्भात घेतले जाते. मिल्ड्रेड आर्चर व टोबी फॉक या कला-अभ्यासकांनी त्यांतील उत्तम चित्रांचा संबंध गुलाम अली खानाच्या कुटुंबाशी जोडला. सर्व चित्रे एकाच हातची मानण्यापेक्षा हे मत अधिक ग्राह्य दिसते. कारण चित्रकारी हा घराण्याचा व्यवसाय होता. फैज अली खान आणि १८४६ मध्ये दिल्लीचे विशाल दृश्यचित्र काढणारा मजहर अली खान हे याच परिवारातले समजले जातात.

बादशहाची सत्ता किल्ल्यापुरती उरल्यावर चित्रकारांना इतर आश्रयदाते शोधावे लागले. त्यांत कर्नल जेम्स स्किनर महत्त्वाचा. १८०३ पर्यंत तो शिंद्यांच्या फौजेत होता. पुढे कंपनीसाठी त्याने पिवळ्या गणवेशाचे घोडदळ उभारले. त्याचा पलटणीतील दरबार गुलाम अली खानाने १८२७ मध्ये रंगवला. पलटणीतील अंमलदारांचे चेहरेही त्यात स्किनरइतक्याच निगुतीने उतरले आहेत.

उत्तरकाळात त्याने अलवरचा राजा विनयसिंह याच्या पदरी ‘गुलिस्तान’ या सादीच्या फार्सी ग्रंथाच्या सचित्र प्रतीसाठी आणि झज्जरचा नवाब अब्दुर रहमान याच्यासाठी काम केले. पाळीव वाघावर स्वार होऊन बागेत फेरफटका मारणाऱ्या या नवाबाचे चित्र (सु. १८५०) प्रसिद्ध आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी नवाबाला फाशी दिली.