नितळ पिशवीतून जाणारी प्रथिने

पोटाचे डायलिसिस घरी करणारा रुग्ण पोटातून बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवतो आणि तिच्यातून खालची अक्षरे वाचता येतात का ते पाहतो. पाणी गढूळ असेल, तर जंतुसंसर्गाच्या शंकेने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. अक्षरे स्पष्ट दिसली की घरातली माणसे निश्चिंत होतात. परंतु त्या नितळ, पिवळसर पाण्यातही प्रथिने विरघळलेली असतात. दिवसभराच्या पिशव्यांमधून साधारण 5 ते 10 ग्रॅम प्रथिने, म्हणजे दीड ते तीन अंड्यांच्या पांढऱ्या भागात असतात तेवढी, शरीराबाहेर जातात आणि त्यांत मोठा वाटा अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातील मुख्य प्रथिनाचा, असतो.

या उपचारात पर्युदर, म्हणजे पोटातील अवयवांवरचे पातळ आवरण, गाळणीचे काम करते. नळीने पोटात सोडलेल्या द्रावणातील ग्लुकोज रक्तातले जादा पाणी ओढून घेते, युरिया आणि क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये त्या पाण्यात उतरतात आणि त्यांच्यासोबत थोडे अल्ब्युमिनही निसटते. पर्युदराला संसर्ग झाला, तर ही गळती बरीच वाढते. शिवाय द्रावणातील काही ग्लुकोज रक्तात शोषले जाते आणि पोटही भरलेले वाटते, त्यामुळे ज्याने जास्त खायला हवे त्याचीच भूक मंदावते.

खरी अडचण जुन्या पथ्याची आहे. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डाळ, अंडी, पनीर कमी करा असे डॉक्टरांनीच सांगितलेले असते आणि घराला ती शिस्त लागलेली असते. पोटाचे डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसासाठी हा हिशेब 60 ते 72 ग्रॅमचा होतो आणि दोन पोळ्या, पातळ वरण एवढ्यावर तो भरून निघत नाही. अंड्याचा पांढरा भाग येथे विशेष उपयोगी, कारण त्यात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी असतो.

पोटॅशियमचेही असेच आहे. नेहमीच्या द्रावणात पोटॅशियम नसतेच, त्यामुळे ते दिवसभर रक्तातून पिशवीत उतरत राहते. शोषलेल्या ग्लुकोजमुळे स्रवणारे इन्सुलिन आणखी काही पोटॅशियम पेशींमध्ये ढकलते. रक्तातील पोटॅशियमची पातळी लिटरमागे 3.5 मिलिमोलच्या खाली गेली, तर स्नायू अशक्त होतात, आतडी मंदावतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. यंत्रावर रक्ताचे डायलिसिस घेणाऱ्या शेजाऱ्याला केळे आणि नारळपाणी वर्ज्य आहे, म्हणून तेच पथ्य येथे डोळे झाकून पाळणे हानिकारक ठरू शकते. अर्थात काहींचे पोटॅशियम वाढलेलेही असते, त्यामुळे निर्णय रक्ततपासणी पाहूनच व्हावा.

रक्तातील अल्ब्युमिन डेसिलिटरमागे 3.5 ग्रॅमच्या खाली दिसले की खाणे कमी पडले, असा दोष बहुधा रुग्णालाच दिला जातो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. अंगात कोठे दाह असेल तर यकृत अल्ब्युमिन कमी बनवते. अंगात पाणी साठले असेल तर रक्त पातळ होऊन अल्ब्युमिन कमी दिसते. त्याच जादा पाण्यामुळे सोडियमही उतरलेले आढळते आणि तेव्हा मीठ वाढवल्यास सूज वाढते. कॅल्शियमचा काही भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. म्हणून अल्ब्युमिन 2.5 असताना कॅल्शियम डेसिलिटरमागे 8 मिलिग्रॅम आले, तर नेहमीच्या ढोबळ सूत्राने ते 9.2 धरले जाते, आणि शंका उरल्यास डॉक्टर आयनीभूत, म्हणजे कशालाही न चिकटलेल्या मोकळ्या कॅल्शियमची वेगळी तपासणी करून घेतात.