इयत्ता कितवीपासून?

शासन निर्णयातल्या एका शब्दाने किती गोंधळ होतो, हे 2025 च्या उन्हाळ्यात दिसलं. 16 एप्रिलच्या निर्णयात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा 'अनिवार्य' होती. ओरड झाली. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध नोंदवला. आठवड्याभरात शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी 'अनिवार्य' हा शब्द काढत असल्याचं जाहीर केलं. मग शाळा उघडता उघडता, 17 जूनला, सुधारित निर्णय आला. त्यात हिंदी ही 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल असं म्हटलं होतं. दुसरी एखादी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थी ती मागणारे हवेत, नाहीतर ती ऑनलाइन शिकवली जाईल.

वीस मुलं कुठून आणायची? ज्या राज्यात हजारो शाळांची एकूण पटसंख्याच विसाच्या आत आहे आणि 2023 मध्ये याच शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तिथे ही अट कागदावरचीच होती. 'सर्वसाधारणपणे'चा अर्थ लोकांना बरोबर कळला. 29 जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय रद्द केले. 5 जुलैला निघणारा मोर्चा वरळीत विजयी मेळावा झाला आणि उद्धव व राज ठाकरे अनेक वर्षांनी एका व्यासपीठावर आले.

वाद हिंदीचा होता, हे खरंच. पण महाराष्ट्रात भाषेवरून शाळेचं राजकारण होतं तेव्हा भांडण एका आकड्यावर येऊन थांबतं: कितवीपासून? आठवी, पाचवी, पहिली. हा आकडा गेल्या पाऊणशे वर्षांत खाली खाली सरकत आला. प्रत्येक वेळी तो कुणीतरी कशासाठी तरी सरकवला, आणि बाल-मानसशास्त्राची साक्ष बहुतेक वेळा मागाहून काढली गेली.

सुरुवात आकड्याने झाली नव्हती. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, तेव्हा त्यांचा मुद्दा पैशाचा आणि माणसांचा होता. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, आणि शिकवा काय, तर मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे नियम. आज वाचताना लक्षात येतं की शिकवणार कोण, हा प्रश्न या यादीत पहिल्या रांगेत आहे. नंतरच्या वादांत तो मागच्या बाकावर गेला. (मोडीही स्वातंत्र्यानंतर शाळेतून गेली. त्यावर मात्र कुणी मेळावा घेतल्याचं आठवत नाही.)

फुल्यांची सक्तीची मागणी ब्रिटिश मुलखाआधी संस्थानांत उतरली. बडोद्यात सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग सुरू करून 1906 मध्ये तो राज्यभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. या दोघांच्या मधल्या काळात गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात पडलं होतं.

आता आकडा. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली. तिच्यातून झाकिर हुसेन समिती आणि 'नई तालीम' आली: सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, हस्तउद्योगाभोवती गुंफलेलं, इंग्रजीशिवाय. मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने तिच्या विचारासाठी नेमलेल्या समित्यांचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. सात इयत्ता इंग्रजीविना म्हणजे इंग्रजी आठवीपासून. हिशेब इतका सरळ होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात हे धोरण लागू झालं आणि पाचवी ते सातवीच्या वेळापत्रकातून इंग्रजी गेली.

यामागची भावना प्रामाणिक होती, यात मला शंका नाही. पण ज्यांना परवडत होतं ते पालक मुलाला घेऊन थेट इंग्रजी शाळेच्या दारात उभे राहिले. ते दार बंद करायला सरकारने 6 जानेवारी 1954 ला आदेश काढला: अँग्लो-इंडियन किंवा आशियाबाहेरच्या वंशाचे विद्यार्थी सोडून इतरांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. नाशिकजवळच्या देवळालीतली बार्न्स स्कूल ही शाळा चालवणारी संस्था कोर्टात गेली. गंमत अशी की अशा शाळांना सरकारी अनुदान मिळत होतं ते चाळीस टक्के जागा इतर समाजांतल्या मुलांसाठी ठेवायच्या घटनात्मक अटीवर. म्हणजे घटना म्हणते घ्या आणि आदेश म्हणतो घेऊ नका. मुंबई उच्च न्यायालयात आदेश टिकला नाही आणि मे 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सरकार हरलं.

पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज मला या निकालात दिसतं. सरकार आपल्या शाळेत इंग्रजी थांबवू शकत होतं, पण ऐपतीच्या पालकाला थांबवू शकत नव्हतं. मग आठवीचा नियम उरला कुणासाठी? नगरपालिकेच्या आणि लोकल बोर्डाच्या शाळेतल्या मुलांसाठी. साहेबाच्या मुलाला पहिलीपासून इंग्रजी आणि गड्याच्या मुलाला आठवीपासून, असं म्हणणाऱ्याला उत्तर देणं अवघड होतं. (साठ वर्षांनी, 2014 मध्ये, कर्नाटकाच्या मातृभाषा-माध्यमाच्या सक्तीलाही सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मधल्या काळात पालक कुठे चालले होते, ते सगळ्यांना दिसतच होतं.)

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या वर्षांत इंग्रजी पाचवीत आली. शेजारी गुजरातेत हाच वाद इतका पेटला की गांधीवादी शिक्षणतज्ज्ञ मगनभाई देसाईंच्या गुजराती माध्यमाच्या आग्रहाला 'मगन माध्यम' असं नाव पडलं. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने म्हटलं की पहिल्या चार वर्षांत एकच भाषा पुरे, ती मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा. 1968 च्या राष्ट्रीय धोरणात त्रिभाषा सूत्र आलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत अण्णादुराईंच्या तामिळनाडूने हिंदी नाकारून दोनच भाषा ठेवल्या. महाराष्ट्राने मात्र हिंदी फारशी कुरकुर न करता पाचवीत घेतली.

याचं कारण फक्त सोशिकपणा नव्हे. हिंदीच्या प्रचारात मराठी माणसं पुढे होती: माधवराव सप्रे, बनारसच्या 'आज'चे बाबूराव पराडकर, काकासाहेब कालेलकर. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 मध्ये वर्ध्यालाच निघाली. पुण्याच्या महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्या सुबोध, प्रबोध, प्रवीण या परीक्षांना आमच्या पिढीतली कितीतरी मुलं स्वखुशीने, म्हणजे बाईंच्या आग्रहाने, बसत होती. पाचवीतल्या हिंदीला कुणी शत्रू मानत नव्हतं. तेव्हा मुलाच्या हातात मराठी घट्ट बसलेली असे.

दरम्यान 27 जानेवारी 1967 ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, सुरू झाली. स्वस्त आणि सगळीकडे एकच पुस्तक, हा तिचा फार मोठा गुण. तोच राजकारण्यांना मोहात पाडतो: एका ठिकाणी एक ओळ बदलली की गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत बदलते. 2017 मध्ये सातवीच्या इतिहासात मुघल आक्रसले, तेव्हा ते दिसलं. पण मला त्याहून बोलकं वाटतं ते 2019 चं दुसरीचं गणित. मंगला नारळीकर यांच्या समितीने 'बावीस'बरोबर 'वीस दोन', 'त्र्याण्णव'बरोबर 'नव्वद तीन' असं वाचनही दिलं. कारण साधं: 93 लिहिताना नऊ आधी येतो आणि मराठीत म्हणताना तीन आधी. शिवाय 'त्र्याण्णव'मधलं जोडाक्षर सात वर्षांच्या जिभेवर बसत नाही. यावर गणित शिकवणारे भांडले असते तर ऐकायला आवडलं असतं. भांडली विधानसभा, तीही आडनावांवर कोट्या करत. जुने शब्द काढलेले नाहीत, हे नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते कितींच्या कानांवर गेलं कोण जाणे.

इंग्रजीचा आकडा पाचवीवरून एकदम पहिलीवर आला तो जून 2000 मध्ये. विलासराव देशमुखांचं सरकार, शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे. मोरे सरांचा युक्तिवाद म्हणजे 1954 चा धागा पुढे ओढणं होता: पैसेवाल्यांची मुलं बालवाडीपासून इंग्रजी शिकतात, मग जिल्हा परिषदेच्या मुलाने पाचवीपर्यंत का थांबायचं? साहित्यिकांनी आणि अनेक शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला. त्यांचं भाषाविज्ञान बरोबर असेल, पण पालकांच्या मनातली जखम मोरे सरांना जास्त नीट कळली होती. अडलं ते दुसरीकडेच. ज्या शिक्षकाने स्वतः इंग्रजीचं पहिलं अक्षर पाचवीत गिरवलं, त्यानेच आता ती पहिलीच्या मुलांशी बोलायची होती. प्रशिक्षणं झाली, पण पालकांनी वाट पाहिली नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढत गेल्या आणि पट टिकवायला मराठी शाळांनी 'सेमी'चे फलक लावले.

गोव्यात हीच ओढाताण इयत्तेऐवजी अनुदानावरून झाली. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांना अनुदान फक्त मातृभाषा माध्यमाला, म्हणजे कोकणी-मराठीला, असं ठरलं आणि चर्चच्या अनेक शाळा इंग्रजीवरून कोकणीवर आल्या. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीलाही अनुदान खुलं केलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. मग पर्रीकरांच्या सरकारनेही चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू ठेवलं, आणि 2016 मध्ये मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना संघाच्या पदावरून जावं लागलं, इतकं ते टोकाला गेलं.

पुन्हा 2025 कडे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 तीन भाषा म्हणतं, पण कोणतीही भाषा कुठल्या राज्यावर लादली जाणार नाही असंही म्हणतं. 2019 च्या मसुद्यातला हिंदीचा उल्लेख दक्षिणेतल्या संतापानंतर काही दिवसांत काढला गेला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून आहे. म्हणजे दिल्लीच्या कागदावर सहावी आणि मुंबईच्या कागदावर पहिली. फडणवीसांनी बोट दाखवलं ते ठाकरे सरकारच्या काळातल्या माशेलकर समितीच्या अहवालाकडे. त्यात इंग्रजी-हिंदी पहिलीपासून होती आणि तो मंत्रिमंडळासमोर आला होता, असं त्यांचं म्हणणं. बोटं दोन्हीकडून दाखवता येत होती. अध्ये-मध्ये 2020 चा मराठी सक्तीचा कायदाही आहेच: सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी, न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड.

लिपी एकच, मग हिंदीचं ओझं कसलं, असा प्रश्न तेव्हा बरेच जण विचारत होते. वर्गात बसून बघावं. सहा वर्षांच्या मुलाला 'आई' हा शब्द नुकताच वाचता आलाय. हिंदीच्या पुस्तकात तीच दोन अक्षरं येतात, 'नानी आई', आणि त्यांचा अर्थ 'आली' होतो. 'राग' म्हणजे गाण्याचा. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत 'कवी' दीर्घ लिहायचा, हिंदीत ऱ्हस्व. 'बाळ'मधला ळ तिकडे नाहीच. परकी लिपी असती तर मुलाने दोन खण वेगळे ठेवले असते. इथे एकाच खणात दोन्ही कोंबायचं. आणि घरात पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर मराठी हीच नवी भाषा, मग इंग्रजी, मग ही. अशा शाळेत बहुधा दोन शिक्षक असतात. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. त्यातला एक निवडणुकीच्या यादीच्या कामावर गेला की चारही वर्ग एकाकडे.

निर्णय मागे घेतले त्याच दिवशी अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. तिला जे ठरवायला सांगितलं, त्यातला पहिला मुद्दा हा: त्रिभाषा सूत्र कितव्या इयत्तेपासून.