खुर्चीची पिन सहज का निघत नाही?

जेवणाच्या टेबलाची एखादी खुर्ची उलटी करून पाहा. बैठकीच्या तळाला पातळ काळं कापड आणि त्याच्या कडेने ओळीने मारलेल्या पिना दिसतील. बैठक 45 सेंटिमीटर लांब-रुंद आणि दर दोन सेंटिमीटरला एक पिन धरली, तर एका खुर्चीच्या एका थरात नव्वद पिना झाल्या. सहा खुर्च्यांच्या साडेपाचशेच्या आसपास. नवं रेक्झिन चढवायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ खातात त्या या जुन्या पिना.

आमच्या घरच्या खुर्च्या मी पहिल्यांदा सोलायला घेतल्या तेव्हा हाताशी होता तो मोठा स्क्रू ड्रायव्हर वापरला. दुसऱ्या खुर्चीपर्यंत तळहाताला फोड आला आणि चौकटीच्या कडेला खड्डे पडले. पुढे सोफ्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला मी तेच काम करताना पाहिलं. त्याची अवजारं माझ्यापेक्षा लहान होती आणि जोर तर तो लावतच नव्हता. हा फरक कुठून येतो, हे समजायला आधी पिन लाकडात कशी टिकते ते पाहायला हवं.

कागदाला मारलेल्या पिनेचे पाय पलीकडून दुमडलेले असतात. ऑफिसातला चिमट्यासारखा पिन-रिमूव्हर ते दुमडलेले पायच उलगडतो. सोफ्याच्या पिनेचे पाय मात्र लाकडात सरळ घुसलेले असतात. घुसताना ते लाकडाचे तंतू कापतात आणि बाजूला रेटतात. रेटलेले तंतू पुन्हा जागेवर यायला बघतात आणि तारेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. त्या दाबातून घर्षण येतं, आणि पिनेची सगळी पकड या घर्षणाची. काही पिनांवर राळेसारखा लेप असतो. पिन वेगाने आत शिरताना घर्षणाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि थंड झाला की गोंदासारखा धरून बसतो.

ही पकड किती असते? अमेरिकेत मॅडिसन इथे 1910 पासून चालणाऱ्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने खिळ्यांवर भरपूर काम केलं आहे. त्यांच्या सूत्रानुसार साधा खिळा उपटायला लागणारं बल त्याच्या जाडीच्या आणि आत गेलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढतं, पण लाकडाच्या घनतेच्या अडीचाव्या घाताने वाढतं. म्हणजे लाकूड दीडपट घन असेल तर पकड जवळजवळ पावणेतीनपट. पिन म्हणजे एका पाठीने जोडलेले दोन बारीक खिळेच. पाइनच्या चौकटीतून भराभर निघणारी पिन जुन्या सागवानातून का हलत नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे. सूत्रातली लांबी ही रुतलेली लांबी आहे. पिन जसजशी वर येते तसतशी रुतलेली लांबी घटते आणि पकड सुटत जाते. सगळा जोर लागतो तो पहिले दोन-तीन मिलिमीटर हलवताना. म्हणून उचलायचं अवजार वेगळं आणि ओढायचं वेगळं.

उचलणारं अवजार ही तरफ. समजा, पिनेची पकड 20 किलो वजनाइतकी आहे. अवजाराचं टोक टेकूपासून एक सेंटिमीटरवर आणि हात पंधरा सेंटिमीटरवर असेल तर हाताला जेमतेम 1.3 किलोचा जोर पुरतो. टेकू टोकापासून तीन सेंटिमीटरवर गेला की तोच जोर चार किलोच्या वर जातो. एका पिनेला चार किलो काही नाही; साडेपाचशे पिनांनंतर मनगट भरून येतं. माझा मोठा स्क्रू ड्रायव्हर तिथेच कमी पडला. त्याचं पातं जाड, त्यामुळे ते पिनेखाली अर्धवटच शिरायचं, आणि दांडा सरळ असल्याने टेकू लांब मागे चौकटीच्या कडेवर यायचा. खास पिना काढायच्या अवजाराचं टोक पातळ, अणकुचीदार आणि किंचित वर वळलेलं असतं. त्या वळणाची टाच म्हणजेच टेकू, आणि तो टोकाला अगदी चिकटून.

टेकूखाली चिरडतं ते लाकूड. तंतूंच्या दिशेने लाकूड दाब चांगला सोसतं, आडव्या दिशेने बरंच कमी, आणि टेकू नेहमी आडवाच दाबतो. माझ्या चौकटीला पडलेले खड्डे त्याचे. टाचेखाली जुनी स्टीलची पट्टी किंवा सनमायकाचा तुकडा ठेवला की तोच जोर मोठ्या जागेवर पसरतो. मोगरी (लाकडी हातोडा) आणि बोथट पटाशी (लाकडाची छिन्नी) घेऊन पिनांची ओळ उडवायची असेल तर पटाशी लाकडाच्या तंतूंच्या दिशेनेच चालवावी, नाहीतर कडेची ढलपी निघते.

आता त्या कारागिराचं कसब. टोक तो पिनेच्या मधोमध घालतच नव्हता. मधोमध उचललं की दोन्ही पायांची पकड एकदम अंगावर येते. शिवाय पाठ कमानीसारखी वाकते, पाय आत ओढले जाऊन भोकाच्या भिंतीला घासतात, आणि शेवटी कोपऱ्यात तार तुटते. तार कोपऱ्यातच तुटते, कारण कारखान्यात ती थंड असतानाच तिथे काटकोनात वाकवलेली असते. थंड वाकवलेलं पोलाद कडक होतं, पण पुढचं वाकणं फारसं सोसत नाही. तो टोक एका पायाशी नेऊन आधी तो पाय मोकळा करायचा, मग बोथट जांबुराने (खिळे उपटायच्या गोल डोक्याच्या पकडीने) पाठ धरून दुसरा पाय काढायचा. जांबूर ओढायचा नाही, गोल डोक्यावर लोळवायचा. डोकं लाकडावर फिरतं, टेकू त्याच्याबरोबर सरकतो आणि पाय बराचसा सरळ वर येतो. जांबुराची धार मात्र घासून बोथट केलेली हवी. धारदार जांबूर पिनेला धरण्याऐवजी कापतो आणि मग उरलेला पाय लाकडातच.

खास अवजार हाताशी नसेल तर लहान स्क्रू ड्रायव्हरचं पातं घासून पातळ करता येतं. यात एक धोका आहे. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं, म्हणजे साधारण 300 अंश सेल्सिअसच्या घरात गेलं, की त्याचं पाणी उतरतं. टोक मऊ होतं आणि चार पिनांत वाकतं. दर दोन-तीन सेकंदांनी ते पाण्यात बुडवावं. मी तर हाताने कानसच चालवतो. वेळ लागतो, पण पातं तापत नाही.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या फर्निचरमध्ये गंज भेटतोच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पाय भोकात घट्ट बसतो, पण आतली चांगली तार बारीक झालेली असते. अशी पिन उचलताच तुटते, आणि टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात तिच्याभोवती काळा डाग पडलेला दिसतो. तुटलेला पाय वर डोकावत असेल तर जांबुराने काढावा. लाकडाशी सपाट तुटला असेल तर तो उकरत बसू नये; पंच ठेवून हातोडीने आत बसवावा आणि नवी पिन शेजारी मारावी. जुन्या भोकातले तंतू आधीच तुटलेले असतात, तिथे नव्या पिनेला पकड मिळणार नाही.

काढलेलं कापड टाकू नका, नवं कापायला तोच नमुना. तुटलेली तार सरळ डोळ्यांकडे उडते, तेव्हा चष्मा हवाच. गंजकी पिन टोचली तर धनुर्वाताची भीती गंजामुळे नसते. त्याचे जंतू माती आणि धुळीत असतात, आणि जुन्या सोफ्यात धूळ भरपूर. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

काम सुरू करण्याआधी खाली जुनी चादर अंथरा. शेवटी बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चादरीवरून आणि आजूबाजूच्या फरशीवरून फिरवा. मग पिशवी डब्यावर धरून आतलं चुंबक बाहेर काढलं, की सगळ्या पिना डब्यात पडतात.