जाताना वेटिंग 38 कन्फर्म झालं, मग येताना वेटिंग 7 का लटकलं? जनरल वेटिंग आणि पूल्ड वेटिंगमधला फरक

दिवाळीला आम्ही कोल्हापूरहून नागपूरला ताईकडे गेलो होतो, भाऊबीज करून चार दिवस राहिलो, मग येताना आईच्या मनात शेगाव होतं म्हणून दर्शन घेऊन तिथूनच थेट घरी यायचं असं ठरलं. जातानाचं तिकीट वेटिंग 38 होतं आणि आम्ही सगळे धास्तावलेलो, पण चार्ट (कोणाला कुठला बर्थ याची शेवटची यादी) लागायच्या दोन दिवस आधीच ते कन्फर्म झालं. येतानाचं होतं वेटिंग 7. दाजी म्हणाले, "सातच तर आहे, होऊन जाते आरामात." मलाही तसंच वाटलं, अडतीसवालं झालं तर सातवालं काय अडतंय. आणि ते सातवालं तीनवर येऊन जे थांबलं ते थांबलंच. आदल्या रात्री भक्तनिवासाच्या खोलीत बॅगा भरत बसलेलो असताना मेसेज आला की चार्ट लागला, तिकीट कन्फर्म नाही, पैसे परत. आई म्हणाली, "अरे पण तीनच राहिले होते ना?"

तर गंमत अशी की ते 38 आणि हे 7 एकाच रांगेतले नंबर नव्हतेच. तिकिटावर नंबराच्या आधी इंग्रजी अक्षरं असतात, ती आपण कोणी वाचत नाही. जातानाच्या तिकिटावर होतं जीएनडब्ल्यूएल, म्हणजे जनरल वेटिंग लिस्ट. येतानाच्यावर होतं पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे पूल्ड कोट्याची वेटिंग लिस्ट. मेसेजमध्ये आणि बोलण्यात दोन्हीला आपण "वेटिंग"च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

आता महाराष्ट्र एक्स्प्रेसच डोळ्यासमोर आणा, कारण ती कोल्हापूरहून निघून मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असं अख्खं राज्य तुडवत गोंदियाला जाते आणि रस्त्यात प्रत्येक ठिकाणी माणसं चढतात उतरतात. रेल्वेने जर सगळे बर्थ "आधी येईल त्याला" असे एकाच ढिगात ठेवले तर काय होईल, पुण्याहून दौंडला जाणारा माणूस बर्थ घेऊन बसेल आणि पूर्ण लांब जाणाऱ्याला जागाच उरणार नाही. म्हणून बर्थ वाटून ठेवलेले असतात. सगळ्यात मोठा वाटा जनरल कोट्याचा, तो मुख्यतः गाडी जिथून सुटते तिथून (किंवा त्याच्या आसपासच्या स्टेशनांवरून) शेवटपर्यंत किंवा शेवटाच्या जवळपास जाणाऱ्यांसाठी. आणि एक छोटा वाटा मधल्या लोकांसाठी, म्हणजे मधूनच चढून मधेच उतरणारे, मधून चढून शेवटपर्यंत जाणारे, किंवा सुरुवातीपासून चढून अलीकडेच उतरणारे. हा छोटा वाटा बऱ्याच स्टेशनांत मिळून एकच असतो, म्हणून पूल्ड.

आता वेटिंग पुढे सरकतं कशाने? त्या त्या कोट्यातलं कोणीतरी तिकीट कॅन्सल केलं तर. मोठ्या ढिगात माणसं जास्त, म्हणून कॅन्सल करणारेही जास्त, त्यामुळे जनरल वेटिंगचा चाळीसचा आकडासुद्धा भराभर खाली येतो. छोट्या ढिगात मुळात बर्थच मोजके, त्यातल्या दोन-चार जणांनी बेत रद्द केला तर तेवढंच सरकणार. शिवाय चार्ट लावताना इतर कोट्यांतले न वापरलेले बर्थ सुटतात ना, त्यांचा फायदा बहुतेक वेळा आधी जनरल वेटिंगला मिळतो आणि पूल्डवाले बघत राहतात. म्हणून जनरलचं 38 आणि पूल्डचं 7 यांची तुलना म्हणजे आंबे आणि पेरू एका तराजूत घालण्यासारखं आहे, आकडा लहान म्हणून चान्स मोठा असं नाही.

आणि येताना हे जास्त का बोचतं तर आपण निघतो घरून, आणि बऱ्याच जणांचं घर हे गाडी सुटण्याच्या गावात नाहीतर त्याच्या जवळ असतं. पण पाहुणे कुठे राहतात हे काही रेल्वेच्या सोयीने ठरत नाही, ताईचं सासर कुठेतरी मधल्या स्टेशनवर असतं, आणि येताना आपण तिथूनच चढणार. म्हणजे गाडी तीच, डबा तोच, माणसं तीच आणि कोटा वेगळा. जाण्याचं तिकीट आरशात बघितलं की परतीचं दिसतं असा आपला समज असतो, तो चुकीचा आहे.

तिसरंही एक नाव दिसतं, आरएलडब्ल्यूएल, म्हणजे रिमोट लोकेशन. एखाद्या मधल्या पण मोठ्या स्टेशनला स्वतःचा वेगळा कोटा दिलेला असतो त्याचं हे वेटिंग. कुठल्या गाडीला कुठल्या स्टेशनवरून पूल्ड लागतं आणि कुठून रिमोट, हे गाडीगणिक बदलतं, तेव्हा पाठ करायला जाऊ नका, तिकीट काढताना अॅपवर दिसतंच. आपल्या कामापुरतं एवढंच की स्वभावाने दोघं भाऊ-भाऊ, दोन्ही जनरलपेक्षा हट्टी. तत्काळचं वेटिंग (टीक्यूडब्ल्यूएल) तर याहून वाईट, ते आरएसीत (म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसून जायचं, त्यात) जातच नाही, झालं तर थेट कन्फर्म नाहीतर काहीच नाही, आणि माझ्या मते तत्काळचं वेटिंग काढणं म्हणजे निव्वळ स्वतःची समजूत घालणं.

अॅपवर दोन आकडे दिसतात त्यानेही लोक गोंधळतात, म्हणजे असं काहीतरी: पीक्यूडब्ल्यूएल 12, तिरकी रेघ, डब्ल्यूएल 7. पहिला आकडा म्हणजे रांगेत आतापर्यंत किती नंबर वाटले गेले तो, आणि दुसरा म्हणजे आत्ता खरोखर किती जण पुढे उभे आहेत तो. आपल्या कामाचा दुसरा. पण पहिल्यातूनही एक गोष्ट कळते ती म्हणजे सरकण्याचा वेग. बारा वाटून आज सातवर आहे, म्हणजे आत्तापर्यंत पाच जण निघाले. आता आठवड्यात किती निघाले बघा आणि गाडीला किती दिवस उरलेत बघा, बोटावर हिशोब होतो. मी तो केला असता तर शेगावला तशी रात्र आली नसती, कारण आमचं तिकीट सातवरून तीनवर यायला तीन आठवडे लागले होते आणि शेवटच्या पाच दिवसांत तर ते हललंच नव्हतं. अॅपवाले जे "इतके टक्के चान्स" दाखवतात ते अंदाज असतात, सणासुदीला तर त्यावर घर बांधू नये.

बरं, कोटा सोडा, तारखेचाही असाच एक घोळ आहे आणि तोही मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्यालाच बसतो. गाडी सुटायची तारीख आणि आपण चढायची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून दुपारी निघते, पुण्यात रात्री येते आणि अकोल्याला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. म्हणजे समजा तुम्हाला अकोल्याहून 12 तारखेला नागपूरकडे जायचंय, तर ती गाडी कोल्हापूरहून 11 ला निघालेली असते. अॅपवर शोधताना तारीख आपल्या स्टेशनची टाकायची, 12. पण बुकिंग कधी उघडणार हे मोजायचं गाडी सुटायच्या तारखेपासून, म्हणजे 11 पासून. आगाऊ बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं (1 नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 120 दिवस होतं, अजून काही लोक चार महिन्यांच्या हिशोबाने बसलेले असतात), तर ते 60 दिवस 11 तारखेपासून मागे मोजायचे. तत्काळही तसंच. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 ला आणि नॉन-एसीचं 11 ला, पण "आदल्या दिवशी" म्हणजे गाडी सुटायच्या आदल्या दिवशी. अकोलावाल्याने 11 ला सकाळी दहाला फोन हातात घेऊन बसायचं नाही, 10 तारखेलाच बसायचं. 11 ला बसलात तर एक दिवस आधीच सगळं उडालेलं दिसेल आणि तुम्ही म्हणाल एजंट लोकांनी खाल्लं. आणि हो, जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते ऐनवेळी जोडायला जाऊ नका.

यातला अगदी बारीक पण सगळ्यात जास्त लोकांना लोळवणारा प्रकार म्हणजे मध्यरात्रीची गाडी. तिकिटावर 12 तारीख, वेळ 00:20. आमचे एक मामा 12 ला दिवसभर आरामात पाहुणचार घेऊन, जेवूनखाऊन रात्री साडेअकराला स्टेशनवर गेले, आणि गाडी तर जवळजवळ चोवीस तास आधीच गेलेली. 00:20 म्हणजे 11 तारखेचं जेवण झाल्यावर निघायचं, हे त्यांना आता जन्मभर लक्षात राहील, त्यांना म्हणजे आम्हालाच, कारण प्रत्येक लग्नात हा किस्सा निघतो.

चार्टचंही तेच. आमची गाडी शेगावला दुपारनंतर येणार होती म्हणून मी समजत होतो सकाळपर्यंत वेळ आहे. पण चार्ट गाडी सुटण्याच्या हिशोबाने लागतो, आणि गोंदियाहून ती सकाळीच सुटते. पूर्वी चार्ट सुटण्याआधी चार तास लागायचा, 2025 च्या जुलैत ही वेळ आठ तासांवर नेली आणि सकाळच्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्रीच लावायला सुरुवात केली. म्हणजे एका अर्थी बरंच झालं, रात्री कळलं म्हणून दुसरी सोय बघायला वेळ तरी मिळाला. ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप कॅन्सल होतं आणि पैसे खात्यात येतात (सगळेच्या सगळे नाही, बुकिंगची फी जाते), पण ते तिकीट घेऊन रिझर्व्हेशनच्या डब्यात चढता येत नाही, चढलात तर विनातिकीटच. काउंटरचं वेटिंग तिकीट असेल तर ते आपोआप कॅन्सल होत नाही, पण ते घेऊनही स्लीपर-एसीत चढायची मुभा नाही, "काउंटरचं आहे, चालतंय" हे जुनं झालं.

मग पूल्ड वेटिंग दिसलं तर करायचं काय? माझं आता असं ठरलंय. पहिलं, गाडी कुठून सुटते ते बघायचं आणि आपल्या जवळच्या गावातून सुटणारी दुसरी कुठली आहे का ते शोधायचं. शेगावहून मुंबईकडे यायचं असेल तर अमरावतीहून सुटणारी अंबा एक्स्प्रेस आहे, सुरुवातीच्या जवळच्या स्टेशनांना बऱ्याचदा जनरल कोटाच मिळतो. पुण्याला यायचं तर नागपूरहूनच सुटणारी गरीबरथ आहे, मग पुण्याहून कोल्हापूर काय, एसटीला तोटा नाही.

दुसरं जास्त कामाचं. तिकीट गाडीच्या पहिल्या स्टेशनपासून काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन आपलं टाकायचं. म्हणजे गोंदिया ते कोल्हापूर तिकीट, बोर्डिंग शेगाव. तिकीट जनरल कोट्यात जातं, आणि हे पूर्ण नियमात बसतं, बुक करतानाच बोर्डिंगचा पर्याय असतो. भाडं गोंदियापासूनचं भरावं लागतं, पण रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला स्वस्त होत जातं, त्यामुळे वाटतं तेवढा फरक पडत नाही. बोर्डिंग टाकायला मात्र विसरू नका. तुम्ही गोंदियाला चढला नाहीत म्हणून टीटीईने गैरहजर मांडलं आणि बर्थ आरएसीवाल्याला दिला तर भांडायला तोंड राहत नाही. एकदा बोर्डिंग बदललं की आधीच्या स्टेशनवरून चढायचा हक्कही जातो, हे लक्षात ठेवा. मला थोडं वाईट वाटतं या युक्तीचं, कारण गोंदियाच्या कोणाचातरी बर्थ आपण अडवतो, पण आईला घेऊन रात्रभर ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या सीटवर उडत आल्यावर ते वाईट वाटणं जरा कमी झालंय.

या वर्षी तसंच काढलं. ताईला फोन करून सांगितलं, वेटिंग 31 आहे. पलीकडून दाजींचा आवाज आला, "अरे बापरे, मागच्या वेळी सातचं नाही झालं, एकतीसचं कसं होईन?"

आता त्यांना हे सगळं फोनवर कोण सांगत बसणार, म्हणून हे लिहिलं आणि लिंक पाठवून दिली.